डिझेल मालवाहू तीनचाकी इलेक्ट्रिक करताना 48 व्होल्ट की 72?

प्रश्न: मंडळी, गाडीचं वजन मालासकट 975 किलो. रोज 60 किमी, वाटेत खडा चढ. 48 व्होल्टवर भागेल का?

कंट्रोलरकाका: सपाटीला भागेल. पण 10 टक्के चढावर 1100 न्यूटन ओढ लागते. ताशी 20 किमीला चाकावरच 6 किलोवॅट. गळती धरून 48 व्होल्टवर 140 अँपिअर होतात, 72 वर 95. लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) आधी तापतात ते इथेच, जास्त अँपिअरने. 72 घ्या, लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच (केबलवर लग दाबून बसवायचं हत्यार) दाबा, पक्कडीने नको.

सेलमास्तर: एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) 24 सेल सिरीजमध्ये, 100 एएच (अँपिअर-तास): 7.68 युनिट. किमीला 80 वॅट-तास धरले तर 60 किमीला 4.8. चढ आणि जुने होत जाणारे सेल, दोन्हीला वाव राहतो.

वायरिंगवाला: प्रीचार्ज रेझिस्टर (कपॅसिटर आधी हळूहळू भरून देणारा) सगळे विसरतात. कंट्रोलरचे (मोटरला वीज नियंत्रित करून देणारा भाग) कपॅसिटर रिकामे असताना कॉन्टॅक्टर (बॅटरीची लाइन जोडणारा मोठा स्विच) थेट बसला की ठिणगीने पॉइंट चिकटतात. मग किल्ली काढली तरी लाइन चालूच. बॅटरीलगत फ्यूज हवाच.

कंट्रोलरकाका: बरोबर. आणि इंजिन उतरवण्याआधी किटची एआयएस-123 (जुन्या गाडीत बसवायच्या इलेक्ट्रिक किटचं मानक) मंजुरी बघा, नाहीतर आरसीवर इंधनबदलाची नोंद अडते.