मदत हवी आहे : आठवी ते दहावीच्या मुलांचे फोन रात्री खोलीबाहेर

सोसायटीतले पालक मिळून नियम करतोय. रात्री 9:30 ला फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सकाळी 6:30 ला परत. दिवसभरातले फोनचे तास मोजण्याआधी झोप वाचवायची आहे. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. ती तुटली की चिडचिड, उदासी, अभ्यासात लक्ष न लागणं मागोमाग येतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. आख्खं गाव सामील होतं, हीच त्यातली खरी गोष्ट. एकट्या घरात मुलाला ती शिक्षा वाटते.

अलार्मची सबब साध्या घड्याळानं मिटते. कपाटातला जुना हँडसेट वायफायवर चालू राहतो, म्हणून राउटरमध्ये त्याचं नेट वेळ लावून बंद करावं लागतं. आईबाबांचे फोनही त्याच टेबलावर हवेत, नाहीतर दोन दिवसांत सगळं बारगळतं.

कुणी मूल स्वतःला इजा करण्याचं बोललं, तर नियम बाजूला ठेवून लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करायचा, हेही ठरलंय.

अडलंय ते इथे : क्लासचा गृहपाठ रात्री दहाला व्हॉट्सॲपवर पडतो. क्लासवाल्यांकडून रात्री 8 ची मर्यादा कुणी मान्य करून घेतली आहे का? पत्राचा मसुदा असेल तर कृपया इथे टाका. आणि ‘ग्रुपमध्ये मी मागे पडेन’ या मुलींच्या धास्तीवर तुमच्याकडे काय उपयोगी पडलं?