इटालियनचं काँज्युन्तीवो डोक्यात घुसत नाहीये, कोणीतरी सांगा ना

केळीवाली_जळगाव:
इटलीत शिकायला जायचंय म्हणून घरूनच इटालियन करतेय, आतापर्यंत बरं चाललं होतं पण हे वर्तमानकाळाचं काँज्युन्तीवो, म्हणजे क्रियापदाचं वेगळंच एक रूप, आलं आणि गाडी भुसावळच्या आउटरला उभी राहते तशी अडकली. पार्ला (बोलतो) चं पार्ली, प्रेंदे (घेतो) चं प्रेंदा, सगळं उलटंच! आणि लावायचं कधी? काल 'पेन्सो के लुई ए आ कासा', म्हणजे 'मला वाटतं तो घरी आहे', लिहिलं तर सरांनी लाल केलं.

शेवभाजी_धुळे:
अगं ताई, खात्री नसली की आपण 'तो घरी असावा' म्हणतो ना, 'आहे' नाही म्हणत, तसंच ते. पेन्सो के लुई सीया आ कासा. 'पाऊस पडावा' म्हणजे स्पेरो के प्योवा, 'तू यावंस अशी इच्छा आहे' म्हणजे वॉल्यो के तू वेंगा. माहितीच असेल तर साधंच, सो के ए आ कासा. माझं निम्मं काम या आवा-आवं वरच भागलं.

वरणबट्टी:
भाऊंचं बरोबर आहे पण डोळे मिटून जाऊ नका. 'मी पास व्हावं' यात आवं आहे पण आशा करणारी मीच अन् पास होणारी पण मीच, मग काँज्युन्तीवो नाही, स्पेरो दी पास्सारे लेझामे. सेकोंदो मे म्हणजे 'माझ्या मते', मतच आहे तरी पुढे साधं क्रियापद, यात मी दोनदा मार खाल्लाय.
वेड्यावाकड्या क्रियापदांचं बरंचसं इओच्या, म्हणजे 'मी'च्या, रूपावरून निघतं, वेंगो-वेंगा, दीको-दीका, वादो-वादा. सीया, आब्बिया, साप्पिया, दीया, स्तीया एवढी घोकावीच लागतात. इओ, तू, लुई तिघांना रूप एकच, म्हणून घोळ होईल तिथे सर्वनाम घालायचं.
आणि स्कूझी ('माफ करा') तर तुम्ही पहिल्या धड्यातच शिकलात ना? तेही हेच! परक्या माणसाला मान देऊन काही सांगायचं तर काँज्युन्तीवोचंच रूप, आपण पाहुण्याला 'बसावं' म्हणतो तसं.

केळीवाली_जळगाव:
अय्या, बसावं! हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग हे बघा बरं, आई कधीची हाका मारतेय: मिया माद्रे व्वोले के इओ मांजा इल भरीत, म्हणजे मी भरीत खावं अशी आईची इच्छा आहे.

वरणबट्टी:
मांजी! मूळ क्रियापद मांजारे, शेवटी आरे वालं आहे ते, पार्ली सारखंच. भरीत बरोबर आहे.