कळसूबाईसाठी दहा आठवडे हातात आहेत: जिने चढणं पुरेल का?

विक्रोळीकर
डिसेंबरच्या मध्यात ऑफिसातली मंडळी कळसूबाईला जायचं म्हणताहेत. दहा आठवडे आहेत. वय ४४, दिवसभर बैठं काम, बीपी-शुगर नाही. संध्याकाळी पाऊण तास सपाट रस्त्यावर चालणं होतं. आमची इमारत १४ मजली आहे, म्हणून जिने सुरू केलेत. वर चालत जातो आणि खाली लिफ्टने येतो, म्हणजे गुडघे वाचतील. एवढ्यावर भागेल का? जिना उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, चढताना काही नाही. बूट आणि सॅकबद्दलही सांगा.

घसारा
आधी ते प्रत्येक वेळी लिफ्टने खाली येणं बंद करा. सह्याद्रीत चढताना दम लागतो, थांबलं की तो बसतो. पाय जातात ते उतरताना. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन अडवून धरतो. या कामाची सवय नसेल तर दुपारनंतर मांड्या थरथरायला लागतात, पाऊल हवं तिथे पडत नाही, आणि घसरून पडण्याचे बहुतेक प्रकार नेमके त्याच वेळी होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संडासला बसणं कठीण होतं तेही यामुळेच. चढण्याच्या सरावाने हे सुटत नाही, त्याला उतरण्याचाच सराव लागतो. बरी गोष्ट अशी की थोड्याशा सरावानेही स्नायू पटकन तयार होतो आणि पुढच्या वेळी दुखणं बरंच कमी असतं.

आता हिशोब. कळसूबाई १६४६ मीटर, पण पायथ्याचं बारी गावच बऱ्यापैकी उंचावर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढ साधारण ८०० ते ८५० मीटर. एक मजला ३ मीटरचा धरला तर तुमची इमारत ४२ मीटर. म्हणजे पूर्ण चढ वीस फेऱ्यांचा झाला. तेवढ्या करायची गरज नाही, आठव्या आठवड्यापर्यंत एका दमात दहा जमल्या की पुरे.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, तीन-तीन फेऱ्या. त्यातली एकच फेरी चालत उतरायची, बाकीच्या लिफ्टने. तिसऱ्या आठवड्यापासून उतरण्याच्या फेऱ्या एकेक वाढवा, गुडघा कुरकुरला तर त्या आठवड्यात वाढवू नका. पाचव्या आठवड्यापासून सॅक पाठीवर. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा, एक लिटर म्हणजे एक किलो. दोन किलोंपासून सुरू करून पाचपर्यंत जा. चढताना बोलता आलं पाहिजे, एक अख्खं वाक्य न तुटता. वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. उतरताना कठड्याला हात फक्त टेकवा, वजन त्यावर टाकलंत तर सराव कठडाच करतो. शेवटच्या आठवड्यात तीन-चार फेऱ्या, आणि जायच्या आधीचे दोन दिवस काहीच नाही.

सपाट चालणं चालू ठेवा, दम टिकवायला ते चांगलंच आहे. पण मरीन ड्राइव्ह किंवा शिवाजी पार्कला कितीही चकरा मारल्या तरी चढ-उताराच्या सरावाची उणीव भरून निघत नाही.

पूर्वा_फिजिओ
वाटीभोवती आणि फक्त उतरताना दुखतं, याचं नेहमीचं कारण म्हणजे मांडीचा आणि कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू कमजोर असणं. पाऊल टेकताना गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि वाटीवर दाब वाढतो. आरशासमोर बघा, लगेच कळेल.

त्यासाठी एक व्यायाम नीट करा. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर, तोंड खालच्या बाजूला करून उभे राहा. उजवा पाय पायरीवर, डावा पुढे अधांतरी. उजवा गुडघा हळूहळू वाकवत डावी टाच जमिनीला लागेपर्यंत खाली जा. मनात चार आकडे मोजायचे, धप्पकन टेकायचं नाही. टाच टेकली की वजन तिच्यावर न टाकता परत वर. पूर्ण वेळ गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी आणि कंबर एका बाजूला कलायला नको. एका पायाने आठ वेळा, मग दुसऱ्याने, असे दोन सेट, एक दिवसाआड. पायरीवर दुखलं तर घरातला लाकडी पाट घ्या, त्याची उंची कमी असते. न दुखता जमलं की पुन्हा पायरीवर या.

याच्या जोडीला पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, पंधराचे तीन सेट. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, बाराचे दोन.

व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं तर हरकत नाही. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल, मध्येच लचकत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर जिने बंद आणि आधी अस्थितज्ज्ञांना दाखवा. आणि बीपी-शुगर नाही हे कधी तपासलं होतं? चाळिशीनंतर अशी तयारी सुरू करताना डॉक्टरांना एकदा भेटाच. चढताना छातीत दडपण किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी जा.

नाणेघाट_वाट
बुटांचं थोडक्यात. संध्याकाळी, ट्रेकला घालणार तेच मोजे घालून बूट बघा. दिवसभरात पाय थोडे फुगतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी कापा. उतार सुरू होण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी पुन्हा घट्ट करा, म्हणजे पाय बुटात पुढे सरकत नाही. नवे बूट जिन्यांवरच रुळवा, बारीला पहिल्यांदा घालू नका. जुने बूट कपाटातून काढणार असाल तर तळवा दोन्ही हातांनी वाकवून पाहा, वर्षानुवर्षं पडून राहिला की डिंक सुटतो आणि वाटेतच सोल निघून येतो.

पाणी तीन लिटर. घाम खूप येणाऱ्याने नुसतं पाणी ढोसत राहू नये, मीठही जातं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच मिसळा, अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं की मळमळतं. दर पाऊण तासाला खजूर, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. भूक लागेपर्यंत थांबू नका.

विक्रोळीकर
खूपच कामाचं. तपासणी दोन वर्षांपूर्वीची आहे, या आठवड्यात करून घेतो. जिन्याशिवाय खऱ्या डोंगरावर एकदा तरी जावं का? आणि पुढे मे महिन्यात हिमालयाचा विचार आहे, तिथे हीच तयारी चालेल?

घसारा
एकदा नाही, दोनदा जा. पाचव्या आठवड्यात राष्ट्रीय उद्यानात बोरिवलीच्या गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जा-या. चढ सौम्य आहे, पण बूट आणि सॅक कुठे घासतात ते कळतं. सोमवारी उद्यान बंद असतं. सातव्या-आठव्या आठवड्यात नेरळहून चालत माथेरान. नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीला, माथेरान ८०० मीटरच्या आसपास, म्हणजे चढ कळसूबाईएवढाच. उतरताना टॅक्सी करायची नाही, पण रस्ता कडक असतो म्हणून पावलं छोटी टाका आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवा. कळसूबाईला मुरमाड उतारावर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी लागेल, तिथे पाऊल आडवं टाका, मागे रेलू नका. मागे रेललं की पाय सटकतो. लोखंडी शिड्यांवर काठी हातात नको, सॅकला अडकवा आणि तोंड शिडीकडे करून उतरा.

हिमालयात पायांना हीच तयारी, विरळ हवेला मात्र नाही. २५०० मीटरच्या वर त्रास कोणालाही होऊ शकतो, रोज धावणाऱ्यालाही. ३००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढत नाही ना, आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस आहे ना, हे कार्यक्रम निवडतानाच पाहा. नसेल तर पैसे भरू नका.

पूर्वा_फिजिओ
माथेरानच्या दुसऱ्या दिवशी जिने नकोत. मांड्या दुखत असतील तर सपाटीवर वीस मिनिटं हळू चाला, आणि पुढच्या फेऱ्या दुखणं गेल्यावरच.