मदत हवी आहे: एम्प्रेस गार्डनमधला शेपटी उडवणारा माशीमार नक्की कोणता?

दिवाळीपासून आठवड्यातून तीन-चारदा सकाळी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जातेय. गळ्यात यजमानांची जुनी ८×४२ दुर्बीण. धोबी, तांबट, हळद्या एवढी ओळख झालीय. पण ओढ्याकाठच्या झाडीतला एक पक्षी माझा अंत बघतोय.

चिमणीपेक्षा लहान. वरून मातकट, खालून मळकट पांढरा, डोळ्याभोवती फिकट कडं. शेपटी सारखी वर उडवतो, तेव्हा तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं. मध्येच खाली झेपावून किडा टिपतो. आवाज कोरडा, 'टर्रर्र'. गळा नारिंगी अजिबात नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप एक दिवस टायगा फ्लायकॅचर सांगतं, दुसऱ्या दिवशी रेड ब्रेस्टेड. फोटो टाकत नाही, त्यात पानं फार छान आलीत.

शिवाय शेंड्याला पानापानांत फिरणारा एक हिरवट चिमुकला आहे. 'चिस्-वी' ओरडतो, दिसत मात्र नाही. मान गेली माझी!

टेकडीकर: ताई, नारिंगी गळा नाही म्हणजे मादी किंवा पहिल्या वर्षाचं पिल्लू. आपल्याकडे रेड ब्रेस्टेडच नेहमीचा. टायगा सायबेरियाकडून येतो, पण त्याचा हिवाळा जास्त करून पूर्व भारतात आणि आग्नेय आशियात जातो. तेव्हा सुरुवात रेड ब्रेस्टेड धरूनच करा, टायगा म्हणायला पुरावा हवा. चोच बघा: टायगाची जवळजवळ पूर्ण काळी, रेड ब्रेस्टेडची खालची चोच बुडाशी फिकट. पाठमोरा बसला की शेपटीच्या मुळावरची पिसं बघा, टायगाची ती शेपटीपेक्षाही काळीकुट्ट असतात. टायगाची टर्रर्र इतकी जलद की ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, रेड ब्रेस्टेडची त्यामानाने सावकाश. नुसत्या अ‍ॅपच्या भरवशावर ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टायगा टाकू नका, तपासणारे हमखास विचारतील.

पाणथळ: शेंड्यावरचा तुमचा ग्रीनिश वार्बलर, म्हणजे पर्णवटवट्यांपैकी एक. भुवई ठळक, पंखावर एक बारीक फिकट रेघ, पिसं झिजली की तीही दिसेनाशी होते. हिवाळ्यात तो आपला इलाखा धरून बसतो, त्यामुळे रोज त्याच झाडावर भेटायची शक्यता भरपूर. बुंध्याशी उभं राहून वर बघू नका. चार पावलं मागे, उन्हाकडे पाठ, आणि आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल टिपा. दुर्बीण नंतर.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. आज मागे सरकून उभी राहिले, तर भुवई दिसली! माशीमाराची खालची चोचही बुडाशी फिकट होती, दोनदा खात्री केली. पाठ दाखवायला वळतोय तोच माळीकाकांनी पाण्याचा पाइप सोडला. शेपटीचं बघायला उद्या परत जाते.