अनुभव धागा: मित्रमैत्रिणींसोबत वर्षभराचं वाचन चॅलेंज – तुम्ही काय काय वाचायला लागलात?

धरमपेठची_वही
काल कूलरच्या ताट्या बदलायला मुलगा आला होता, त्याला शिडी द्यायला माळ्यावर चढले तर जुन्या गठ्ठ्यात आमच्या पहिल्या वर्षाच्या चॅलेंजची वही सापडली. मग काय, तो खाली "काकू शिडी, काकू शिडी" करून राहिला आणि मी वर बसून वाचतेय. म्हटलं इथे लिहावं, तुमचंही ऐकावं.

तर आम्ही चौघी. एकीला फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या, दुसरी रहस्यकथावाली, तिसरी 'यशस्वी कसे व्हावे' छाप इंग्रजी पुस्तकं, आणि मी सासू-सून-वाडा-इस्टेट. चौघीही भरपूर वाचायचो, वाचनाची बोंब नव्हतीच, पण वर्षानुवर्षं तेच ते. एका जानेवारीत तर्री पोहे खाताना भांडण झालं की कोणाचं वाचन जास्त भंगार, त्यातून हे निघालं. बारा महिने, बारा चिठ्ठ्या. नाटक, कविता, अनुवाद, विज्ञान, शंभर वर्षांहून जुनं पुस्तक, बाईनं लिहिलेलं आत्मचरित्र, विदर्भातलं काही, हिंदी, आईवडलांच्या कपाटातलं, ज्याचे विचार डोक्यात जातात अशा माणसाचं, वगैरे. चिठ्ठी आपण काढायची पण पुस्तक बाकीच्या तिघींनी ठरवायचं. हा नियम नसता तर मी कवितासुद्धा सासू-सुनेवरच्या शोधून आणल्या असत्या.

सोडून द्यायची सोय होती. अमेरिकेत नॅन्सी पर्ल म्हणून एक ग्रंथपाल बाई आहेत, त्यांचा नियम घेतला: पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर ठेवून द्या, आणि वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करून येतील तेवढीच पानं. म्हणजे सत्तरीच्या माणसाला तीस. आमच्यातली एक तेव्हापासून वय वाढवून सांगते.

मला पहिलीच चिठ्ठी नाटकाची. नाटक पाहायचं असतं, वाचायचं कशाला, असं म्हणेपर्यंत हातात एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. "वाडा पाहिजे ना तुला, घे वाडा." (मैत्रिणी इतक्या दुष्ट असतात.) दुपारी वाचायला घेतलं तर कोण बोलतंय तेच लक्षात राहीना, म्हणून मोठ्यानं वाचायला लागले, तर बाजूला लवंडलेल्या सासूबाई म्हणतात, "आईचं मी वाचते, बाकीचे तू वाच." त्यांचं माहेर यवतमाळकडचं. अंगणातला तो बंद पडलेला ट्रॅक्टर आला नाटकात, तर त्या थांबल्या, चष्मा काढला आणि त्यांच्या भावांच्या वाटणीची अख्खी गोष्ट सांगितली. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. आता आम्ही दोघी दुपारी नाटकंच वाचतो. नवरा म्हणतो बाहेरून कळत नाही की वाचन सुरू आहे की भांडण.

सांगा तुमचं. कोणी जबरदस्तीनं हातात कोंबलेलं आणि मग सुटलंच नाही असं.

तर्रीदार
पोहे कुठचे ते सांगा ना आधी

मिहानचा_प्रवासी
आमचा ऑफिसचा ग्रुप होता. मी तुमच्या त्या यशस्वी मैत्रिणीच्या जातीचा, कविता म्हणजे दहावीच्या पेपरातला रसग्रहणाचा प्रश्न एवढंच नातं. मला दिलं ग्रेस. 'संध्याकाळच्या कविता', १९६७ चं पुस्तक, माणूस आपल्याच नागपुरातला आणि मी नाव फक्त ऐकलेलं. ऑटोमोटिव्ह चौकात मेट्रोत बसतो, खापरीला उतरतो, तेवढ्यात दोन कविता व्हायच्या. खरं सांगतो घंटा काही कळत नव्हतं. ज्यानं दिलं त्याला विचारलं अर्थ काय बे याचा, तो म्हणे अर्थ नको शोधू, दोनदा वाच आणि पुस्तक बंद कर. तसं केलं. अजून कळत नाही पण एखादी ओळ भर मीटिंगमध्ये डोक्यात येऊन बसते, समोरचा बजेट सांगून राहिला असतो. नंतर मी स्वतःहून सुरेश भटांकडे गेलो, ते कळतात पण आणि लागतात पण. यशस्वी वगैरे काही झालो नाही, त्या पुस्तकांचे पैसे परत पाहिजे.

कुकरच्या_शिट्या
@मिहानचा_प्रवासी हाहाहा पैसे परत!!
माझा प्रश्न, ऑडिओबुक धरायचं का चॅलेंजमध्ये? मी पोळ्या लाटताना ऐकते. ग्रुपमधली एकजण म्हणते हे वाचन नाही. तिच्याकडे पोळ्यांना बाई आहे हे विशेष.

रिटायर्ड_मास्तर
ताई, ऐकणे म्हणजेच मूळ वाचन. आपल्याकडे पोथ्या ऐकूनच पिढ्या गेल्या. बिनधास्त धरा.

माझा अनुभव. सकाळी अंबाझरीला फिरणारे आम्ही सहा निवृत्त लोक. शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक या सदरात मला मिळाले विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक, घरावर कर्ज, मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी बातमी येते म्हणून दक्षिणेच्या आशेने निघतो आणि नेमका १८५७ च्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस आत किल्ल्यात-शहरात होता! छापून आले १९०७ ला. मी इतिहास शिकवला जन्मभर, सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या, झाशी राणी चौकातून रोज सायकल मारली, पण भुकेलेला, घाबरलेला, पैसे लुटले गेलेला माणूस त्या सनावळीत कधी भेटला नव्हता. हे पुस्तक वर्गात वाचून दाखवायला हवे होते असे फार वाटते. भाषा पहिली वीसेक पाने जड जाते, मग तुम्ही त्याच्या मागोमाग चालू लागता.

आता प्रवासवर्णनाशिवाय दुसरे काही गोड लागत नाही, त्यामुळे गटातले लोक म्हणतात मास्तर पुन्हा एकाच खड्ड्यात पडले.

तर्रीदार
मास्तर १ नंबर. पोह्यांचं कोणीच सांगत नाही आहे.

इंदोऱ्याची_लेक
थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपमध्ये "दलित आत्मकथन" अशी चिठ्ठी होती. ती निघाली बजाजनगरच्या मैत्रिणीला. ती मला फोन करून विचारते, सोपं कुठलं आहे? सोपं!! मी म्हटलं चल, दसऱ्याला माझ्यासोबत दीक्षाभूमीवर. तिच्या घरून पायी दहा मिनिटं, पण दसऱ्याच्या गर्दीत कधी आलीच नव्हती, त्यांच्याकडे त्या दिवशी "तिकडे ट्रॅफिक असतो, जाऊ नका" एवढंच.

१४ ऑक्टोबर १९५६ सगळ्यांना पाठ असतं, पण तिथली पुस्तकांची दुकानं बघितल्याशिवाय कळत नाही. रांगाच्या रांगा. जनरल डब्यात उभ्यानं आलेली माणसं, डोक्यावर गाठोडं, जाताना पिशवीत पुस्तकं. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण ती दरवर्षी एक पुस्तक घ्यायचीच. मग घरी कोणीतरी वाचून दाखवायचं, आणि ती मधे मधे म्हणायची "हे पुन्हा वाच". 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असंच आमच्याकडे वाचून झालं, कित्येक पावसाळे.

मैत्रिणीनं बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' घेतलं, मग 'आयदान', मग 'बलुतं'. नंतर रात्री अकराला तिचा मेसेज, "हे शाळेत का नाही दिलं आपल्याला." मी उत्तर नाही दिलं लगेच. कारण मला दोन्ही वाटत होतं, बरं पण वाटत होतं आणि चीड पण येत होती, की तुमच्यासाठी बारातली एक चिठ्ठी आणि आमच्यासाठी ते घर. आता आमच्या ग्रुपमध्ये ती चिठ्ठीच काढून टाकली, मीच काढायला लावली. ती पुस्तकं आता "आत्मचरित्र"मध्ये आणि "मराठीतलं उत्तम गद्य"मध्ये येतात, जिथं यायला पाहिजे तिथं.

आणि माझी चिठ्ठी? विज्ञान. झोप आली. पण कृष्णविवरं कळली थोडी :)

धरमपेठची_वही
@इंदोऱ्याची_लेक राग कसला गं. आमच्या यादीत पण "विदर्भातलं" अशी चिठ्ठी होती आणि आम्ही चौघी विदर्भातच बसून ती काढत होतो. तुझं "हे पुन्हा वाच" सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी पण पुन्हा वाचायला लावलं.

खामल्याचा_सीए
विदर्भातलं वरून. आमच्या सोसायटीचा ग्रुप आहे, त्यात मला मारुती चितमपल्ली आले. मी जीएसटी आणि बॅलन्सशीटचा माणूस, झाड म्हणजे गाडी सावलीत लावायला. ते वनखात्यात होते, नवेगाव बांधला राहिले, तिथलं पाणी-पक्षी-माणसं सगळं इतकं सावकाश लिहिलंय की पहिल्यांदा चिडचिड झाली, पुढे काही घडतच नाही. ३१ मार्च संपल्यावर परत घेतलं तेव्हा जमलं. म्हणजे पुस्तकाला पण सीझन असतो. मग हिवाळ्यात बायकोपोरांना घेऊन नवेगावला गेलो, पोरगा म्हणे बाबा इथे करायचं काय, म्हटलं काहीच नाही, बस. तो बसला नाही ही गोष्ट वेगळी.

आता दुर्बीण घेतली आहे, खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा ते बघतोय.

कुकरच्या_शिट्या
मनोरंजन :)

भैताड_वाचक
आमचं चॅलेंज मार्चमध्येच मेलं. कारण सांगतो. ॲडमिननं आकडा ठेवला, वर्षाला ५२. गुडरीड्सवर ते २०११ पासून आहेच ना, जानेवारीत आकडा टाकायचा आणि डिसेंबरपर्यंत त्याच्या मागे धावायचं, तेच इथं आणलं. झालं, लोक जाड पुस्तकाला हात लावेनात. एका भाऊनं तर पोराच्या कपाटातली ससा-कासव छाप पुस्तकं एका रविवारी उरकली आणि संध्याकाळी लीडरबोर्डवर पहिला. त्यावर दुसरा चिडला, तिसरा ग्रुप सोडून गेला, उरलेल्या ग्रुपवर आता सकाळी गुलाबाची फुलं येतात. बाप्पा, वाचन राहिलं बाजूलाच.

रिटायर्ड_मास्तर
ससा-कासव वाचूनही त्याने कासवाकडून काही घेतले नाही म्हणायचे!

बैरामजी_टाउन
हिंदी चिठ्ठीवर बोलू का. आपण नागपूरकर दिवसभर हिंदी बोलतो, बर्डीत भाव हिंदीत करतो, ऑटोवाल्याशी भांडतो हिंदीत, पण हिंदी पुस्तक? शाळा सुटली तसं सुटलं. मला मैत्रिणीनं विनोद कुमार शुक्ल दिले, 'दीवार में एक खिड़की रहती थी'. रायपूरचे, म्हणजे आपल्याहून पुणं लांब आहे, रायपूर जवळ. या पुस्तकाला १९९९ चा साहित्य अकादमी आहे आणि पुढे त्यांना ज्ञानपीठ पण मिळालं. गोष्ट म्हणाल तर गणिताचे एक मास्तर, नवीन लग्न, एक खोली, आणि कॉलेजला जायला कधी कधी हत्ती. बस. मी किराण्याच्या लाइनमध्ये उभी राहून वाचत होते आणि हसत होते, मागची बाई घाबरली. त्यानंतर दर दोन मराठीमागे एक हिंदी असा हिशोब ठेवलाय. आपल्याला अनुवादाची वाट पाहायची गरज नाही ही केवढी चैन आहे, पुण्यामुंबईवाल्यांपेक्षा आपल्याला हिंदी सहज येते आणि आपणच वापरत नाही.

कुकरच्या_शिट्या
हत्ती?? हे ऑडिओत आहे का कुठे

बैरामजी_टाउन
माहीत नाही गं, माझी प्रत देते, पण पोळीचं पीठ लावू नकोस.

गोकुळपेठ_मार्केट
विषय निघालाच आहे पुस्तकं देण्याघेण्याचा तर, कूलरसमोरच्या भिंतीला पुस्तकांची रॅक ठेवू नका रे. आमच्याकडे उन्हाळाभर दमट हवा बसली, पावसाळ्यात पानांना पिवळे डाग आणि तो वास. वर कसर लागली ती वेगळी. कडुनिंबाचा पाला ठेवतो पण काही फरक नाही. काय करता तुम्ही लोक?

खामल्याचा_सीए
डांबरगोळ्या. आणि रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागून हवा खेळली पाहिजे.

धरमपेठची_वही
पाला पूर्ण वाळवून ठेवायचा हो, ओला ठेवला तर उलट बुरशी. आणि वर्षातून एकदा सगळी काढून झटकायची, त्यासाठी चॅलेंजची "आईवडलांच्या कपाटातलं" चिठ्ठी फार कामाची, त्या निमित्तानं कपाट तरी उघडतं. माझ्या वडलांच्या कपाटातून शेतीचं एक जुनं पुस्तक निघालं, समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा, कापसाच्या पानाजवळ "खोटे" असं लिहून ठेवलेलं. पुस्तक कंटाळवाणं होतं पण समास मी पूर्ण वाचले.

मिहानचा_प्रवासी
"ज्याचे विचार डोक्यात जातात" त्या चिठ्ठीचं काय झालं ते कोणी सांगितलंच नाही. आमच्याकडे त्यावरून दोघं अजून बोलत नाहीत.

धरमपेठची_वही
आम्ही तिघींनी मिळून आमच्या ऐतिहासिकवालीला दिलं होतं एक. ती पन्नास पानांच्या नियमाची वाट बघत होती, पन्नासावं पान आलं तरी सोडेना. म्हणे, "मला पटत नाहीये काहीच, पण हा माणूस खोटं कुठं बोलतोय ते सापडेपर्यंत थांबत नाही." पूर्ण वाचलं. सापडलं पण, दोन ठिकाणी. आणि एका ठिकाणी तो बरोबर निघाला, त्याबद्दल ती आम्हालाच बोलते.

इंदोऱ्याची_लेक
ही मैत्रीण आवडली मला. यंदा दसऱ्याला आणा तिला, पुस्तकांच्या दुकानात वाद घालायला माणसं कमी पडत नाहीत.

भैताड_वाचक
मले कोणी आपल्या ग्रुपात घेते का? आकडा ठेवत असाल तर नको. कविता पण चालन.

रिटायर्ड_मास्तर
या सकाळी साडेपाचला अंबाझरीला. आमच्यातला एक मुलाकडे बंगलोरला गेला, त्याची अनुवादाची चिठ्ठी शिल्लक आहे.

भैताड_वाचक
साडेपाच?! मास्तर, चिठ्ठी व्हॉट्सॲपवर टाका ना.

तर्रीदार
अंबाझरीहून परत येताना पोहे असतात का एवढं सांगा, मी येतो. वाचून पण टाकीन.