मदत हवी आहे: इतिवृत्तात राहून गेलेली हितसंबंधांची नोंद
प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, तीन संचालक. एका संचालकाच्या पत्नीचं गोदाम कंपनीने महिना ६०,००० रुपये भाड्याने घेतलंय, म्हणजे कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८८ खालचा संबंधित पक्षाशी (संचालकाच्या नातेवाईकाशी) व्यवहार. बोर्डाने ठराव केला, संचालकाने नातं तोंडी सांगितलं, पण इतिवृत्तात नेमकं तेच नाही. फक्त ‘भाडेकरार मंजूर’ एवढीच ओळ. बैठकीला ३० दिवस उलटले, इतिवृत्त सही होऊन वहीत चढलंय. मागाहून खाडाखोड अजिबात नको, तिने सगळ्या वहीवरचाच विश्वास जातो.

पुढच्या बैठकीत दुरुस्तीचा ठराव पुरेल, की १८८(३) प्रमाणे तीन महिन्यांच्या आत करारालाच मान्यता घ्यावी? बाजारभाव दाखवायला शेजारच्या दोन गोदामांचे भाडेकरार जोडले तर चालतील का? ठरावाचा मसुदा असल्यास कृपया द्या.