पंचकोश म्हणजे कांदा का?

मुक्ताई५२: योगशिक्षक वर्गाला जातेय. परवा बाईंनी फळ्यावर कांदा काढला. माणसाचे पाच थर: बाहेरून अन्नमय (शरीर), मग प्राणमय (प्राण), मनोमय (मन), विज्ञानमय (बुद्धी) आणि मधोमध आनंदमय (आनंद). वर मथळा, ‘पतंजलींचे पंचकोश’. घरी येऊन पतंजलींच्या योगसूत्रांचे चारही पाद (अध्याय) चाळले, पण पंचकोश काही सापडेनात. त्यात रात्री भाजीला कांदा चिरताना वाटलं, सगळे पापुद्रे काढले तर आत उरतं काय? काहीच नाही! मग आत्मा कुठाय? कुणी नीट सांगेल का? पुढच्या आठवड्यात लेखी परीक्षा आहे.

टवाळ_तात्या: योगसूत्रांत नाहीतच ते. तैत्तिरीय उपनिषदात आहेत, ब्रह्मानंदवल्ली नावाच्या भागात. पेपरात मात्र कांदाच काढा, मार्क पदरात पाडून घ्या.

व्हायनातला_हरीक: मुक्ताताई, कांदा सोडा, हरीक घ्या, ते बारीक दाण्याचं भरडधान्य. माझी आजी सावंतवाडीकडची, व्हायनात (जमिनीतल्या उखळात) हरीक कांडायची. भाताचं तूस लवकर सुटतं, हरकाचं नाही. कांडा, पाखडा, परत कांडा. आम्ही पोरं कंटाळून पळायचो. पुढे या उपनिषदावरचं शंकराचार्यांचं भाष्य वाचायला घेतलं आणि उडालोच. याच जागी आचार्यांनी दाखला दिलाय तो अनेक तुसं असलेल्या कोद्रवाचा, म्हणजे आपल्या हरकाचा! तुसं काढत गेलं की शेवटी दाणा हाताला लागतो. कांद्यात तो नसतो, म्हणून तुमचं डोकं अडलं ते बरोबरच.

पण मूळ उपनिषदात मला त्याहून गंमत वाटते. ब्रह्मानंदवल्लीत या पाचांना ‘कोश’ म्हटलेलंच नाही, तो शब्द पुढच्या वेदान्त ग्रंथांनी रूढ केला. तिथे प्रत्येकाला ‘आत्मा’च म्हटलंय, आणि प्रत्येकाचं वर्णन पक्ष्यासारखं: डोकं, दोन पंख, धड, शेपूट. पक्ष्याच्या आत पक्षी. आतल्याने बाहेरचा ‘पूर्ण’, म्हणजे भरलेला. लोहाराचा भाता वाऱ्याने भरतो तसा. भात्यात वारा कितव्या थरावर असतो, सांगा बघू?

तुमच्या कामाचं एक: विज्ञानमयाचं डोकं श्रद्धा, पंख ऋत (विश्वाचा नियम) आणि सत्य, आणि धड? ‘योग’. हे वर्गात सांगत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

टवाळ_तात्या: म्हणजे आनंदमय हाच दाणा?

व्हायनातला_हरीक: तात्या, तिथेच तर आचार्यांची जुंपलीये. आनंदमयाचं शेपूट म्हणजे ब्रह्म, असं उपनिषद म्हणतं. शंकराचार्य म्हणतात, आनंदमय हेही तूसच, ब्रह्म ते त्याचा आधार असलेलं शेपूट. रामानुजाचार्य म्हणतात, आनंदमय म्हणजेच ब्रह्म. मला शंकराचार्यांचं पटतं, पण ते आजीच्या हरकामुळेही असेल.

आणि अन्नमयाला ‘नुसतं बाहेरचं’ म्हणून नाक मुरडू नका. पुढच्या भृगुवल्लीत भृगूला पहिल्यांदा अन्नच ब्रह्म वाटलं. बाप वरुण त्याला चूक म्हणत नाही, पुन्हा तप कर म्हणतो. नंतर ‘अन्नाची निंदा करू नये’ हे व्रतच सांगितलंय. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ म्हणत आपण जेवायला बसतो, ते उगाच नाही.

मुक्ताई५२: पेपर झाला. कांदा काढला, शेजारी पक्षीही काढला. बाईंनी विचारलं, ही चिमणी कशाला? मग समजावलं. वर्गात दाखवायला हरीक शोधत होते, दुकानात ‘कोदो’ नावाचं पाकीट मिळालं. तुसं आधीच काढलेली. कांडायला काही नव्हतंच, शिजवून ताकाबरोबर खाल्ला.